७ नोव्हेंबर १९३८ : बाबासाहेब आणि कामगारांचा संप

महाड आणि नाशिकचे सत्याग्रह आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. ७ नोव्हेंबर १९३८ ही तारीख विचारली, तर मात्र बहुतेक विद्यार्थी गप्प बसतात. त्या दिवशी मुंबईच्या कामगारांनी सरकारच्या कायद्याविरुद्ध एक दिवसाचा संप केला. परमपूज्य बाबासाहेब त्याच्या प्रमुख नेत्यांपैकी होते.

राज्य इंग्रजांचे असले तरी मुंबईचे मंत्रिमंडळ बाळासाहेब खेर यांचे, निवडून आलेले होते. त्याने औद्योगिक कलह विधेयक आणले. समेटाची लांबलचक प्रक्रिया पुरी होण्याआधी संप केला तर तो बेकायदेशीर, आणि कामगार शिक्षेस पात्र! विधिमंडळात बाबासाहेबांनी केलेला युक्तिवाद विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. काम थांबविणे हा फार तर नोकरीच्या कराराचा भंग होय. त्याची दाद दिवाणी कोर्टात मागावी. त्याला गुन्हा ठरवून तुरुंग दाखविणे म्हणजे माणसाला मनाविरुद्ध राबविणे, आणि गुलामगिरी ती हीच.

गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. त्याबद्दल बाबासाहेबांनी कम्युनिस्ट पुढाऱ्यांना पूर्वी जाब विचारला होता. तरीही या संपासाठी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कॉ. डांगे यांचे सहकारी एकत्र आले. मतभेद मिटले म्हणून नव्हे, तर हक्क सर्वांचाच जात होता म्हणून.

संप शांततेने व्हावा अशी नेत्यांची इच्छा होती, पण काही ठिकाणी दगडफेक झाली आणि पोलिसांनी गोळीबार केला. विधेयकाचा कायदाही झाला. मग मिळविले काय? दलित आणि सवर्ण कामगार एका मागणीसाठी एकाच दिवशी थांबले, हे मी मोठे मानतो. आम्हा बँकवाल्यांचा संपात एक दिवसाचा पगार कापला जातो, तेवढ्यानेही घरी कुरकुर होते. गिरणी कामगाराच्या घरी त्या दिवशी काय झाले असेल?

शिस्तीचे मोल पोलंडच्या कामगारांना रक्त सांडल्यावर कळले. १९७० साली ते रस्त्यावर उतरले, जाळपोळ झाली, सैन्याने गोळ्या घातल्या. १९८० साली ग्दान्स्कच्या कामगारांनी जहाजांच्या कारखान्यातच ठाण मांडले, आत दारूला बंदी केली आणि कम्युनिस्ट सरकारकडून स्वतंत्र युनियनचा हक्क मिळविला. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा पुकारून ती युनियन दडपली गेली, पण १९८९ च्या निवडणुकीत तीच जिंकली.

आपल्या संसदेने २०२० साली औद्योगिक संबंध संहिता केली. तीत संपापूर्वी नोटीस सक्तीची आहे, समेटाची बोलणी चालू असताना संपास बंदी आहे, आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी रजा घेतली तर तोही संपच धरला जातो. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत आपलीच मुले ठेकेदाराकडे राबतात. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना विद्यार्थ्यांनी या संहितेची संपाविषयीची कलमे आणि बाबासाहेबांचे १९३८ चे भाषण, दोन्ही वाचून यावे.