बांधावरील गुळवेल : राखावी कीं काढावी ?

सन २०२० च्या करोनाच्या साथीपासून गुळवेलीची चाहत खेडोपाडीं फार वाढली. ज्यांच्या बांधावर ती पूर्वीं आपोआप उगवत असे, ते तिला जपूं लागले; ज्यांच्याकडे नव्हती, त्यांनीं बोटभर जाडीचें कांडें आणून कुंपणाशीं रोंवलें. पक्ष्यांस आसरा मिळेल असे हिरवे बांध राखावे, हा विचारही आतां पुष्कळ सुज्ञ शेतकऱ्यांस पटूं लागला आहे. तेव्हां ही वेल बांधावर असण्यांत लाभ किती व हानि किती, हें पाहण्याचें आम्ही योजिलें आहे. संत्रा, मोसंबी व डाळिंब यांच्या बागाइतदारांनीं प्रस्तुत लेख विशेष लक्षपूर्वक वाचावा, अशी विनंति आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. गुळवेल ज्या झाडावर चढते त्याचा रस शोषून घेते, असें अनेकांस वाटतें. तें खरें नाहीं. रस शोषतें तें बांडगूळ. गुळवेलीचें मूळ जमिनींत असतें व आपलें अन्न ती आपल्या पानांतच तयार करते. झाड तिला केवळ आधारापुरतें हवें असतें. विलायतेंत आयव्ही नांवाच्या सदाहरित वेलीवरही हाच आरोप पिढ्यान् पिढ्या होत आला आहे, आणि तोही असाच निराधार आहे. तथापि मोठ्या निंबावर जी वेल निरुपद्रवी, तीच दोनतीन वर्षांच्या कलमावर चढली तर ऊन अडविते व पावसाळ्यांत तिच्या भारानें कोवळी फांदी वांकते. कलमावरून ती काढलीच पाहिजे.

पांखरांस तिचा उपयोग आहे, यांत शंका नाहीं. पावसाळ्यांत हृदयाकृति पानांचा दाट पडदा कुंपणावर पसरतो व त्याच्या आंत लहान पक्ष्यांस लपण्यास जागा मिळते. वाटाण्याएवढीं लाल फळें बुलबुल खातात. नर वेल व मादी वेल निरनिराळी असते. म्हणून एकाच नर वेलीच्या कांड्यांपासून सारें कुंपण वाढविलें असेल तर त्यावर फळ कधींच दिसणार नाहीं.

आतां हानीकडे वळूं. येथें थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे. फळांतील रस शोषणारा पतंग संत्र्याच्या व मोसंबीच्या बागाइतदारांस ऐकून तरी ठाऊक असेलच. ह्या पतंगाची अळी फळास तोंडही लावीत नाहीं. तिचें अन्न म्हणजे गुळवेल, वासनवेल व त्यांच्या कुळांतील इतर वेलींचीं पानें. (वासनवेल म्हणजे जिचा पाला पाण्यांत चुरला असतां पाणी थिजतें ती.) पतंगाची मादी ह्या पानांवर अंडीं घालते. अळी मखमली व काळसर असून तिच्या अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असतात. पुढें कोषांतून जो पतंग निघतो त्याचे पुढचे पंख वाळल्या पानासारखे व मागचे नारिंगी, त्यांवर काळे डाग, असे असतात. दिवसां तो झुडपांत निपचित बसतो. अंधार पडला कीं बागेंत शिरतो आणि आपली टणक सोंड पिकत आलेल्या फळांत खुपसतो. फळावर टांचणीनें टोंचल्यासारखें बारीक छिद्र पडतें, त्यांतून बुरशी आंत जाते, भोंवतालचा भाग सडतो व कांहीं दिवसांत फळ गळतें. मालक बागेंत फिरतो दिवसां. त्याला गळलेलीं फळें दिसतात, पतंग दिसत नाहीं, आणि मग खतापाण्यास उगाच बोल लाविला जातो.

आंबिया बहारास ह्याचा उपद्रव विशेष. पावसांत वेली पानांनीं भरून अळ्या पोसतात, आणि पतंग तयार होतात त्याच सुमारास ह्या बहाराचीं फळें रंगावर येतात.

आमचें मत असें कीं, ज्या गांवीं ज्वारी, कापूस वा ऊंस हींच पिकें आहेत, तेथें बांधावरची गुळवेल खुशाल राखावी. तिला उपटण्याचें कांहीं कारण नाहीं. परंतु संत्रा, मोसंबी वा डाळिंबाच्या टापूंत ती व वासनवेल बागेभोंवतीं ठेवूं नये. हा पतंग दूरवर उडतो. म्हणून एकट्यानें आपला बांध साफ करून भागत नाहीं, शिवारांतील सर्वांनीं मिळून तें काम केलें पाहिजे. पांखरांचा आसरा तुटूं नये म्हणून त्या जागीं करवंद लावावें. औषधाकरितां एखादी वेल हवीच असेल तर ती घरापाशीं नजरेसमोर ठेवावी व पावसाळाभर दर आठवड्यास पानें उलटून अळ्या वेंचाव्या. बागेंत गळलेलीं फळें रोज गोळा करून पुरावीं. फळें पिकण्याच्या दिवसांत सायंकाळीं धूर करण्याची वहिवाटही सोडूं नये.

वेल काढण्यास पौष-माघ हे महिने सोईचे. पानें झडूं लागल्यानें खोड स्पष्ट दिसतें, आणि घरटें असल्यास तेंही नजरेस येतें. त्यांत अंडीं वा पिलें असलीं तर तेवढा भाग कांहीं दिवस तसाच राहूं द्यावा. नुसतें बुडाशीं तोडून मात्र उपयोग नाहीं. वरची वेल दोऱ्यासारखीं मुळें खालीं सोडून पुन्हां जमिनीस टेंकते. संस्कृतांत तिला छिन्नरुहा म्हणतात तें याचकरितां. मूळ खणून काढावें, झाडावरची वेल ओढून घ्यावी, आणि तिचीं कांडीं ओल्या मातीवर न टाकतां खडकावर पसरून पूर्ण वाळवावीं.