खरेदीखत पोळ्यानंतर कर

सेलू, जि. परभणी
२० मे २०२६

चि. सोनूस,


तू पाठवलेले घराचे फोटो मामीच्या मोबाईलवर मोठे करून करून पाहिले. जागा चांगली आहे, पुढं अंगण आहे, भावही तुमच्या आवाक्यातला दिसतो. एकच गोष्ट खटकली. हॉलच्या एका भिंतीला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत प्लास्टिकचं पॅनेलिंग ठोकलंय आणि बाकीच्या तिन्ही भिंती साध्या आहेत. हौसेनं घर सजवणारा माणूस एकच भिंत, तीही कंबरेपर्यंत, सजवत नाही. तिथं पाणी मुरतंय. म्हणून हे पत्र. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळी झाली असतीस.

इसार दिलाय म्हणतेस, असू दे. पण खरेदीखत पोळ्याच्या आधी करू नकोस. मालकाला सांगायला कारण आयतंच आहे. अधिक ज्येष्ठ लागलाय, धोंड्याच्या महिन्यात कुणी खरेदी करत नाही आणि पुढं चातुर्मास आहेच. अधिक महिन्यामुळं यंदा पोळा सप्टेंबरात गेलाय, तोवर त्या घरानं बहुतेक पावसाळा अंगावर घेतलेला असेल. मुहूर्ताचं मला फारसं कौतुक नाही हे तुला ठाऊक आहे, पण या वेळी पंचांग आपल्या बाजूनं आहे तर त्याचा उपयोग करून घे. मे महिन्यात परभणीतलं कुठलंही घर कोरडंच दिसतं.

नोकरीभर बांधकामांवर देखरेख केली, त्यातून एवढं सांगतो की भिंतीवरचा डाग नुसता बघून काही कळत नाही. तो कधी वाढतो हे बघावं लागतं. डागाच्या कडेनं शिसपेन्सिलीनं रेघ ओढायची, शेजारी तारीख लिहायची आणि पंधरा दिवसांनी परत बघायचं. घर अजून तुमचं नाही, तर मालकाला विचारून रेघ ओढ, नाहीतर शेजारी नाणं धरून फोटो काढून ठेव. पावसात पसरतो आणि उन्हाळ्यात वाळतो, तो डाग गच्चीचा किंवा बाहेरच्या भिंतीचा. बारा महिने तसाच राहतो तो बहुधा भिंतीतल्या पाइपाचा, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या न्हाणीचा. आपल्याकडं आणखी एक जात आहे, भर उन्हात ओली होणारी भिंत. ती कूलरची. मार्चपासून खिडकीत कूलर बसतो, त्याची टाकी ठिबकते आणि खिडकीखालचा गिलावा तीन-चार महिने पाणी पितो. लोक गच्चीला दोष देत बसतात.

आता पॅनेलमागचं. खालून तीन फुटांपर्यंत भिंत खराब होते तेव्हा पाणी जमिनीतून वर चढत असतं. जोत्यावर ओल अडवणारा थर घातलेला नसेल किंवा तो तुटला असेल तर विटा खालचं पाणी शोषत जातात. पाण्याबरोबर मातीतले क्षार येतात. पाणी हवेत उडून जातं आणि क्षार गिलाव्याच्या छिद्रांत स्फटिक होऊन बसतात, फुगतात, पोपडे पाडतात. यालाच लोणा म्हणतात. कधीकाळी तिथं गोठा असेल तर विचारूच नकोस, गोमूत्र मुरलेल्या मातीत या क्षारांची खाणच असते. लोण्यावर रंग टिकत नाही. सिमेंटचा जाड गिलावा चढवला तर ओल त्याच्या वरून डोकं काढते. पॅनेलनं तर भिंतीचं वाळणंच बंद होतं. एखादी पट्टी काढून दाखवा म्हणावं. मालक नाही म्हणाला, तरी तुला उत्तर मिळालं.

परभणीची काळी माती कापसाला उत्तम, पायाला वाईट. उन्हाळ्यात ती आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच फुगते. पाया उथळ असेल तर घरही थोडं वर-खाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली फट आत्ता रुंद असेल आणि श्रावणात मिटली, तर ती मातीची. सगळ्या घराखालची माती सारखी भिजली-वाळली तर घर सांभाळून घेतं, एकच कोपरा भिजत राहिला की भिंत चिरते. म्हणून फटीजवळ, बाहेरच्या बाजूला काय आहे ते पाहा. न्हाणीचं सांडपाणी? गच्चीच्या पन्हाळीचं पाणी जोत्याशीच पडतंय का? आणि जमिनीतली टाकी? आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून घराघरात जमिनीखाली टाकी असते. ती झिरपत असली तरी वर काहीच दिसत नाही, मोटर जरा लवकर लवकर लावावी लागते इतकंच. रात्री टाकी भरून सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे, काठीनं पाण्याची उंची मोजायची आणि सकाळी पुन्हा मोजायची.

गच्चीचं थोडं मागून सांगतो. आपल्या जुन्या घराचं माळवद तुला आठवत असेल. मृगाच्या आधी आजोबा त्यावर पांढरी माती टाकून घ्यायचे. गळती थांबायची, पण जुनी माती कुणी उतरवत नसे. सगळ्या मराठवाड्यात हेच. वर्षानुवर्षं छपरं जड होत गेली आणि खाली दगड-मातीच्या, पावसानं सैल झालेल्या भिंती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा लातूर-धाराशिवच्या गावांत हजारो माणसं या भिंती आणि छपरांखालीच गेली. माळवदाला मी नावं ठेवत नाही, उन्हाळ्यात त्याच्यासारखा गारवा नाही. पण वरून थर चढवून गळती झाकायची सवय आपण स्लॅबच्या घरातही आणली. गळालं की कोब्यावर कोबा. म्हणून गच्चीवर गेलीस की कठड्याची उंची मोज. तीन फुटांचा कठडा दोनावर आला असेल तर खाली थर साचलेत, म्हणजे गच्ची पुन्हा पुन्हा गळलेली आहे. कठडा आणि स्लॅब मिळतात तिथल्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलवा असतो, गवंडी त्याला वाटा म्हणतात. तो फुटला की पाणी तिथूनच आत शिरतं.

खालून छत पाहताना पांढरे ओघळ दिसले तर घाबरू नकोस. काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर बाहेर आलेला असतो, वेळेत बंदोबस्त केला तर भागतं. तपकिरी ओघळ किंवा खाली आलेला फुगवटा दिसला तर मात्र थांब. तिथं सळई गंजलीय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. सगळ्या घरात एकाच खोलीला पीओपीचं छत असेल तर त्याच्या वर डोकावल्याशिवाय पुढं बोलू नकोस.

बाकी किरकोळ. एकदा सकाळी, मालक खिडक्या उघडायच्या आत जा. बंद खोलीचा कुबट वास लपत नाही, फक्त उदबत्तीचा घमघमाट नको. ओट्याखालच्या कपाटाचं प्लायवूड दाबून बघ. न्हाणीच्या दाराची चौकट खाली बोटानं टोकर, मऊ लागली की ओल आहे आणि बहुधा उधईही. वरच्या न्हाणीची जाळी बंद करून दोन इंच पाणी एक दिवस साठवायला सांग आणि दुसऱ्या दिवशी खालचं छत बघ. ओल्या भिंतीवर विजेचा बोर्ड असेल तर त्याला हात लावायचा नाही, आधी मेन स्विच बंद. हे जावईबापूंना ठासून सांग, त्यांना सगळीकडं हात घालायची सवय आहे.

मालकाला भीडभाड न ठेवता विचार: गेल्या वर्षी सप्टेंबरच्या अतिवृष्टीत घरात पाणी कुठं कुठं आलं? ‘कुठंच नाही’ म्हणाला तर शेजारणीला आणि जुन्या भाडेकरूला विचार.

गळतं म्हणून घर सोडायचं असं नाही. लोणा, कूलर, फुटलेला वाटा, झिरपणारी टाकी, या सगळ्याचा खर्च काढता येतो आणि तो किमतीतून वजा करून मागता येतो. गंजलेल्या सळयांचा स्लॅब आणि दर वर्षी हलणारा पाया, या दोन गोष्टींना मात्र मी स्वस्तातही हात लावणार नाही.

या रविवारी जावईबापूंना घेऊन सेलूला ये. मामीनं धोंड्याचं जेवण ठरवलंय, अनारशांचं पीठ तयार आहे. जेवून चारच्या सुमाराला आपण तिघं परभणीला निघू. मालकाला आधी कळवून गच्चीची किल्ली मागून ठेव आणि शिडी कुणाकडं मिळते तेही बघून ठेव. हातोडी आणि टेप मी आणतो.

तुझा,
मामा