दुसऱ्याच्या खांद्यावरची बॅग

दोन कॅमेरेवाले भेटले की नजर आधी चेहऱ्याकडे जात नाही, गळ्यातल्या पट्ट्याकडे जाते. काळ्यावर पिवळं दिसलं तर निकॉन, लाल दिसलं तर कॅनन. मग लेन्स, लेन्सवरची रंगीत कडी, आणि लगेच प्रश्न येतो, "कितीला पडली?" समोरच्याने आज काय टिपलं, हे विचारायचं राहूनच जातं. सातारा-कराड पट्ट्यात लग्नांचे फोटो काढत आणि मोकळ्या दिवशी पक्ष्यांमागे फिरत माझी उमेदीची वर्षं गेली. या हेव्याने हुशार मुलं आतून पोखरलेली मी जवळून पाहिली आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. भांडण नावाचं कमी, माउंटचं जास्त

बॉडी चार-पाच वर्षांत जुनी वाटायला लागते. चांगली लेन्स मात्र वीस वर्षं काम देते, आणि ती दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर सरळ बसत नाही. त्यामुळे पहिल्या खरेदीतच पुढच्या तीन खरेद्या ठरून जातात. एका माउंटमध्ये दोन-अडीच लाख अडकले की माणूस त्याची बाजू तावातावाने मांडू लागतो. खरं तर तो स्वतःच्या खर्चाचं समर्थन करत असतो. हे एकदा कळलं की समोरच्याचा राग येत नाही.

कंपन्यांनीही यात थोडे खेळ केलेले नाहीत. १९५९ साली 'निकॉन एफ' आला, तेव्हाचा एफ माउंट निकॉनने पुढे अनेक दशकं सांभाळला. कॅननने १९८७ साली ईओएस आणताना आपला जुना एफडी माउंट सोडून दिला. एफडीच्या लेन्सनी ज्यांची कपाटं भरली होती, त्यांच्या हाती काही उरलं नाही, आणि त्यांचा संताप रास्त होता. पण नव्या माउंटचं तोंड मोठं होतं, बॉडी आणि लेन्स यांच्यातली सगळी देवाणघेवाण विजेवर होती, आणि फोकसची मोटर थेट लेन्समध्ये बसवलेली होती. निकॉनची मोटर तेव्हा बॉडीत असायची आणि दांडीच्या जोरावर लेन्स फिरवायची. खेळाच्या मैदानांवर नव्वदच्या दशकात कॅननच्या पांढऱ्या लेन्सची रांग लागली ती या वेगामुळे. पुढे मिररलेसचा काळ आला आणि २०१८ साली दोघांनीही नवे माउंट काढले, निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ. एकाने ग्राहकाला दुखवून वेग मिळवला होता, दुसऱ्याने वेगाची किंमत मोजून ग्राहक जपला होता. मला दोन्ही निर्णयांमागचं शहाणपण दिसतं.

त्या पांढऱ्या रंगाबद्दलही सांगायला हवं, कारण आज तो प्रतिष्ठेची खूण होऊन बसला आहे. मोठ्या टेली लेन्समध्ये फ्लोराइटचा स्फटिक वापरला जाई, आणि तो उष्णतेने प्रसरण पावतो. उन्हात लेन्स कमी तापावी म्हणून पांढरा रंग दिला गेला.

२. ही नावं एकमेकांच्या आधाराने मोठी झाली आहेत

कॅननच्या पहिल्या नमुना कॅमेऱ्याचं नाव होतं 'क्वानॉन'. साल १९३४. हे नाव कानॉन या जपानी करुणादेवतेवरून घेतलेलं, आणि कानॉन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी हे त्याचंच रूप, आणि कान्हेरीच्या लेण्यांतही तो कोरलेला आहे. कॅननवाल्यांचा राग आला की मी पद्मपाणी आठवते.

पुढची गोष्ट तर दोन्ही गटांनी पाठ करावी अशी आहे. १९३६ च्या सुमारास कॅननचा पहिला विक्रीचा कॅमेरा, 'हान्सा कॅनन', बाजारात आला, तेव्हा कॅननकडे स्वतःची लेन्स नव्हती. त्यावर बसवली होती 'निक्कोर', म्हणजे आज निकॉन नावाने ओळखल्या जाणाऱ्या निप्पॉन कोगाकूची लेन्स. जगभरच्या कट्ट्यांवर ज्या दोन नावांसाठी लोक अबोला धरतात, त्यांतल्या एकाचा डोळा सुरुवातीला दुसऱ्याकडून आलेला होता. आजही निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांमधले सेन्सर सोनीच्या कारखान्यात बनलेले असतात. आणि सोनी लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांच्या धंद्यात उतरली ती २००६ साली कोनिका मिनोल्टाचा कॅमेऱ्यांचा कारभार घेऊन.

मला सर्वांत आवडते ती डेव्हिड डग्लस डंकन यांची हकिगत. 'लाइफ' मासिकाचे हे छायाचित्रकार १९५० साली टोकियोत होते. जपानी माल म्हणजे स्वस्त नक्कल, असं तेव्हा पाश्चात्त्य जगात मानलं जाई. मान होता तो जर्मन काचेला. जुन मिकी या तरुण जपानी छायाचित्रकाराने डंकन यांचा एक फोटो निक्कोर लेन्सने काढला. डंकन यांनी तो प्रिंट पाहिला, त्यातली धार पाहिली, आणि थेट कारखाना गाठला. पुढे कोरियाच्या युद्धात त्यांनी आपल्या लायकाच्या बॉडीवर निक्कोर लेन्स लावून काम केलं. ती छायाचित्रं अमेरिकेत छापून आली आणि संपादक विचारू लागले, की ही धार कुठून आली? निकॉनचं जगातलं नाव तिथून वाढलं. डंकन यांनी आधी प्रिंट पाहिला आणि मग लेन्सवरचं नाव वाचलं. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो.

३. हेवा वाटला की आकडे मांडा

शेजारच्याकडे पंचेचाळीस मेगापिक्सेल आहेत आणि आपल्याकडे चोवीस, हे ऐकून आपण अर्धे आहोत असं वाटतं. पण चोवीस मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० बाय ४००० ठिपक्यांचा असतो, आणि पंचेचाळीसचा साधारण ८२५० बाय ५५००. रुंदीत भर पडते ती सदतीस-अडतीस टक्क्यांची. आपल्याकडचा करिश्मा अल्बम उघडला की समोर १२ बाय ३६ इंचांचा पट्टा येतो, एका बाजूला १२ बाय १८. इंचाला ३०० ठिपके धरले तरी एका बाजूसाठी ५४०० बाय ३६०० पुरतात. म्हणजे चोवीसमध्ये भागून थोडं उरतंच. पंचेचाळीस खरोखर लागतात ते मोठ्या छपाईला, किंवा लांबचा पक्षी कापून जवळ आणायचा असेल तेव्हा.

लेन्सचंही असंच मांडावं. ७०-२०० ची २.८ वाली लेन्स दीड किलोच्या आसपास भरते, ४ वाली साधारण आठशे ग्रॅम. प्रकाशात फरक एका स्टॉपचा, म्हणजे १६०० आयएसओवर निघणारा फोटो ३२०० वर काढायचा. नवे सेन्सर हे सहज पेलतात. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत उजव्या मनगटावर काय लटकणार आहे, हेही त्या हिशेबात धरायला हवं. माझं मनगट चाळिशीनंतर बोलायला लागलं, तेव्हा मी ४ वाली घेतली, आणि अल्बम पाहून एकाही वधूपित्याने कधी विचारलं नाही की मधला एक स्टॉप कुठे गेला.

४. "कॅमेऱ्याने काय फरक पडतो?" असं नवख्याला सांगू नका

हे वाक्य बहुधा ज्यांच्या बॅगेत सगळं असतं त्यांच्याच तोंडी असतं. मला ते अन्यायाचं वाटतं. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगावात हिवाळ्यातल्या पहाटे होडीत बसा. रोहित पक्ष्यांचा थवा गुलाबी रेघेसारखा लांब उभा असतो. होडीवाले दादा पक्षी उठू नयेत म्हणून जपून, आडव्या अंगाने होडी नेतात. त्यापुढे जाणं बरोबरही नाही. अशा वेळी १८-५५ च्या किट लेन्समध्ये येतात ते ठिपके. इथे चारशे-सहाशेची टेली हवीच, आणि पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस धरणारी बॉडी असेल तर उडता पक्षी पकडणं पुष्कळ सोपं होतं. होडीतल्या कुणी पोराने शेजारच्या टेलीकडे पाहून हळहळ व्यक्त केली, तर तिला हेवा म्हणू नये. त्याला त्याच्या साधनाची मर्यादा अचूक कळलेली असते.

म्हणून मी सांगते, की अडलेलं चित्र आधी नेमकं शब्दांत मांडा. "मला चांगली लेन्स हवी" यातून काही हाती लागत नाही. "मांडवातल्या कमी उजेडात नवरीचा चेहरा हललेला येतो" असं म्हटलं की वाट दिसते. किट लेन्स ५५ वर नेली की तिचं तोंड ५.६ पर्यंत आवळलेलं असतं. ५० एमएमची १.८ वाली लेन्स जवळपास दसपट उजेड आत घेते, आणि मोठ्या कंपन्यांच्या यादीत ती सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते. आणि वर्षातून दोनदाच भिगवण किंवा ताडोबा होत असेल, तर पुण्या-मुंबईत मोठ्या टेली दिवसाच्या भाड्याने मिळतात. दोन दिवस वापरून पाहिली की पुष्कळांची हाव तिथेच निवते. ज्यांची निवत नाही, त्यांनी खुशाल घ्यावी. त्यांना ती खरंच लागते.

५. हाताला पाठ असलेला कॅमेरा

मंगलाष्टकं संपतात, "सावधान" म्हणून आवाज चढतो, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता उडतात, आणि दोघं एकमेकांकडे पाहतात. हे सगळं दोन-तीन सेकंदांचं असतं. त्या वेळी बोटांनी स्वतःहून चालायला हवं. कॅनन आणि निकॉनच्या बहुतेक झूमची कडी एकमेकींच्या उलट दिशेने फिरते. लेन्स बसवतानाही फिरवायची दिशा उलटी. ऐन लग्नसराईच्या तोंडावर एका सहकाऱ्याने सगळा संच विकून दुसऱ्या कंपनीचा घेतला. कॅमेरा उत्तमच होता. पण अंतरपाट सरकला तेव्हा हात जुन्या सवयीने फिरला आणि चेहरे जवळ येण्याऐवजी लांब गेले. नवा संच घ्यायचा तर आषाढात घ्या, सराई उघडण्याआधी रोज हाताळा.

वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि पुढे दिल्लीत त्यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागचा काळ टिपला. त्यांच्या हाती रोलिफ्लेक्स असे. त्याच्यावरची लेन्स बदलता येत नाही, एका रोलवर बारा फोटो, आणि दिसतं ते मान खाली घालून काचेत, डावं-उजवं उलटं. गर्दीत, पुढाऱ्यांच्या धावपळीत, त्या कॅमेऱ्यावर त्यांनी जी चित्रं मिळवली त्यामागे किती पाठ झालेला हात असेल, याची कल्पना हे काम करणाऱ्यालाच येईल.

६. पाऊस कुठलंही नाव पाहत नाही

कोकणात, महाबळेश्वरला, अगदी साताऱ्यातही, श्रावणापर्यंत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशीचे धागे धरतात. शंभरातलं एखादंच काम जिच्यावाचून अडतं, अशी हौसेने घेतलेली महागडी लेन्स आधी बळी पडते, कारण ती बाहेरच निघत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारं छोटं घड्याळ ठेवा, काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये असू द्या. आणि लेन्सला उजेड दाखवत राहा.

७. हप्त्यावर आलेला हेवा

यजमान हल्ली ठरवायला येतात तेव्हा पहिला प्रश्न करतात, "ताई, फुल फ्रेम आहे ना?" पुष्कळांना फुल फ्रेम म्हणजे काय हे ठाऊक नसतं; कुणा नातेवाइकाने सांगितलेलं असतं. अनुभवी माणूस यावर अल्बम उघडून पुढे ठेवतो. तालुक्याच्या गावात नुकतं दुकान टाकलेल्या बावीस वर्षांच्या मुलाकडे ठेवायला अल्बम नसतो. तो कर्ज काढतो. सराई चार महिन्यांची आणि हप्ता बारा महिन्यांचा. मग हप्त्यासाठी तो भाव पाडून कामं घेतो, एका दिवसात दोन लग्नं धरतो, रात्री एडिटिंग करतो, आणि ज्या डोळ्यामुळे तो या धंद्यात आला तोच आधी थकतो. त्यातून जुने लोक एकत्र बसले की त्याच्या जुन्या कॅमेऱ्यावरून त्याला हिणवतात. मला याची चीड येते. ज्याला शिकवायला हवं त्याला आपण लाजवतो, आणि कर्जाच्या दारात नेऊन सोडतो.

"ताई, सगळ्यांकडे फुल फ्रेम आलाय," असं म्हणत असा कुणी माझ्याकडे आला, तर मी त्याच्याशी कागद घेऊन बसते. आधी ५० एमएमची १.८, मग एक चांगला फ्लॅश. त्यानंतर दुसरी बॉडी, आहे त्याच माउंटची, सेकंड हँड चालेल. मात्र शटर किती पडलंय ते तपासून, आणि लेन्स घेताना टॉर्च मारून आत बुरशी पाहून. कारण सप्तपदी चालू असताना एकुलती एक बॉडी बंद पडली तर गुरुजी फेरे पुन्हा घालायला लावणार नाहीत. दोन कार्डं बसणारी बॉडी मिळाली तर दोन्हीकडे एकदम फोटो उतरू द्यायचे, आणि अल्बम घरी पोचेपर्यंत कुठलंच कार्ड पुसायचं नाही. एवढं होऊन पैसे उरले, आणि तरी एखादं चित्र अडत असेल, तर फुल फ्रेमच्या दुकानात मी स्वतः त्याच्याबरोबर जाते.