बाभळीचा बांक : लांकडाची सुकवण आणि सांधा

ओसरीवर बसावयास एखादा भक्कम बांक असावा, ही गरज लहान दिसली तरी रोजची आहे. वडील माणसांस जमिनीवरून उठणें जड जातें, आणि आल्यागेल्याची वर्दळ शेतकऱ्याच्या घरीं असतेच. बांधावर जुनी बाभूळ असेल तर तिचा बांक घरींच चांगला होतो. मात्र लांकूड कसें सुकवावें व सांधा कसा धरावा, ह्या दोन गोष्टी नीट समजल्या पाहिजेत.

आरंभीं आमचीच चूक सांगतों. घरांत लग्न ठरलें म्हणून आम्हीं माघांत बाभूळ पाडली आणि पंधरा दिवसांत तिचा बांक करविला. लांकूड ओलें आहे, असें सुतारानें दोनदां बजावलें होतें. घाई आमची होती. मांडवांत बांक शोभला खरा. पण वैशाखाच्या उन्हांत सांधे उघडले, आणि ज्येष्ठांत आमचे एक वृद्ध आप्त त्यावर बसतांच पाय निसटून ते खालीं आले. त्यांचें मनगट मोडलें, तें पुढें कधीं पुरतें वळलें नाहीं.

ह्याचें कारण असें. ओल्या लांकडांतील पाणी जातांना लांकूड आकसतें, परंतु सर्व दिशांस सारखें आकसत नाहीं. लांबीस तें आकसत नाहीं म्हटलें तरी चालेल. गाभ्याकडून सालीकडे तें स्पष्ट आकसतें, आणि वाढीच्या वलयांच्या अंगानें त्याच्याही सुमारें दुप्पट. त्यामुळें वाटोळें भोंक लांबट होतें, चौरस पायाचा काटकोन जातो आणि कुसूं बारीक होऊन भोंकांत खेळूं लागतें. मागाहून कितीही खिळे ठोकले तरी हा दोष जात नाहीं.

झाड थंडीच्या आरंभीं पाडून ओंडका लवकर चिरवून घ्यावा. सालीलगतचें फिकट लांकूड भुंगेरे पोखरतात. म्हणून पायांस तांबूस गाभाच घ्यावा. ओल लांकडाच्या तोंडांतून सर्वांत लवकर जाते व चीर तेथूनच पडते, यास्तव कापलेल्या तोंडांस शेणमाती किंवा डांबर चोपडावें. फळ्या सावलींत, जमिनीपासून हातभर उंच रचाव्या आणि प्रत्येक दोन थरांमध्यें सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवाव्या. ह्या पट्ट्या एकीखालीं एक नेमक्या आल्या नाहींत तर फळी वांकडी सुकते. इंचभर जाडीस एक वर्ष, हा ढोबळ हिशेब आहे. खात्री करावयाची तर फळीचा एक तुकडा दर पंधरा दिवसांनीं तोलावा. उन्हाळ्यांतही वजन घटेनासें झालें म्हणजे लांकूड सुकलें. (सागवान, आंबा, चिंच अशा झाडांस महाराष्ट्रांत १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणें आधीं परवानगी लागते, हें ध्यानांत असावें.)

बांक ५ फूट लांब व १७ इंच उंच ठीक पडतो. पाय २॥ इंच चौरस असावे. बैठकीस १॥ इंच जाड व ६ इंच रुंद अशा दोन फळ्या पुरतात. त्यांत पाव इंच फट ठेवावी, म्हणजे पावसाळ्यांत फुगण्यास जागा राहते. पाय टोंकांपासून ६ इंचांहून आंत घेतले तर कडेला बसणारा बांकासह उलटतो.

दोन दोन पाय वरच्या व खालच्या आडव्या दांड्यांनीं जोडून दोन चौकटी कराव्या आणि त्या एका लांब दांड्यानें एकमेकींस बांधाव्या. सर्व कुसवें आरपार काढून त्यांत पाचर मारावी. पाचर भोंकाच्या लांकडाच्या रेषांस आडवी बसली पाहिजे. रेषांच्या दिशेनें मारल्यास दांडा उभा चिरतो. आणखी एक युक्ति आहे. कुसूं अगदीं कोरडें असावें. भोंकाचें लांकूड किंचित् ओलसर राहिलें तर तें सुकतांना कुसवास आवळून धरतें. आमच्या बांकांत नेमकें ह्याच्या उलट झालें होतें. फळ्यांस खिळे मारण्यापूर्वीं गिरमिटानें भोंक पाडावें, नाहीं तर बाभळींत खिळा वांकतो किंवा फळी तडकते.

बांक डुगडुगत असेल तर अंदाजानें पाय कापूं नये. सपाट फरशीवर तो उभा करून, उंच पायांखालीं नव्हे तर आखूड पायाखालीं चकती सरकवून बैठक समपातळीस आणावी. मग एकाच जाडीची चिपटी फरशीवर टेंकवून चारही पायांभोंवतीं रेघ ओढावी व त्या रेघेवर कापावें.

शेवटीं जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्यावे. पहिला वाळल्यावरच दुसरा. तेलाच्या चिंध्यांचा बोळा मात्र कडब्याजवळ टाकूं नये. हें तेल वाळतांना तापतें आणि बोळा आपोआप पेटूं शकतो. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्या किंवा पाण्यांत बुडवून ठेवाव्या.