हेर्मान डील्स : लुप्त ग्रंथांचे शोधक

विद्यार्थिमित्रांनो, सॉक्रेटीसच्या पूर्वीं ग्रीक लोकांत थेलीस, हेराक्लायटस, पार्मेनिडीस इत्यादि तत्त्वज्ञ होऊन गेले, हें तुम्हीं वाचलें असेल. परंतु त्यांपैकीं एकाचाहि ग्रंथ आज पूर्ण उपलब्ध नाहीं. मग त्यांचीं मतें आपणांस कळलीं कशीं? मागाहून झालेल्या लेखकांनीं आपल्या पुस्तकांत त्यांचे उतारे घेतले, किंवा त्यांच्या मतांचा सारांश दिला, त्यांवरून. सिंप्लिशियस नामक टीकाकारानें तर, पार्मेनिडीसचें काव्य दुर्मिळ झालें म्हणून, सुमारें एक हजार वर्षांनंतर त्यांतील लांब उतारे मुद्दाम लिहून ठेविले. असे विखुरलेले अवशेष पारखून एकत्र करणाऱ्या एका पंडिताची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

हेर्मान डील्स यांचा जन्म १८४८ सालीं जर्मनींत, ऱ्हाईन नदीकांठच्या बीब्रिख गांवीं झाला. बॉन येथें उसेनर या विद्वान् गुरूंजवळ त्यांचें शिक्षण झालें. पदवी मिळतांच ते प्राध्यापक झाले नाहींत. फ्लेन्सबुर्ग, हांबुर्ग व बर्लिन येथील शाळांत त्यांनीं सुमारें दहा वर्षें मुलांस शिकविलें; आणि शाळेचें काम संभाळूनच १८७९ सालीं ‘डॉक्सोग्राफी ग्रेकी’ हा आपला थोर ग्रंथ प्रसिद्ध केला.

या ग्रंथांतील युक्तिवाद तुम्हांस सहज समजेल. दोन उत्तरपत्रिकांत तेच शब्द व त्याच चुका आढळल्या, तर शिक्षक काय समजतो? एकानें दुसऱ्याचें पाहिलें, किंवा दोघांनीं तिसऱ्याच वहींतून उतरून घेतलें. प्लुटार्कच्या नांवावर चालत आलेलें एक पुस्तक व स्टोबियसचा संग्रह यांत असेंच साम्य होतें. डील्स यांनीं दोन्ही शेजारीं शेजारीं छापून ताडून पाहिलीं. प्रत्येकांत दुसऱ्यांत नसलेला कांहीं मजकूर होता. म्हणून दोहोंचें मूळ एका तिसऱ्या, हरवलेल्या ग्रंथांत असलें पाहिजे, असें त्यांनीं दाखविलें. त्या ग्रंथकाराचें ‘एटियस’ हें नांव थिओडोरेट या ख्रिस्ती बिशपाच्या लेखनांत तेवढें उरलें होतें.

१८८२ पासून डील्स बर्लिन विश्वविद्यालयांत शिकवूं लागले. पार्मेनिडीसच्या काव्यांत एका महाद्वाराचें वर्णन येतें. तें नीट कळावें म्हणून त्यांनीं प्राचीन ग्रीक दरवाजे व कुलपें यांचा अभ्यास केला, आणि तो आपल्या १८९७ च्या आवृत्तीस जोडला. एका शब्दासाठीं एवढे श्रम!

१९०३ सालीं त्यांचा ‘सॉक्रेटीसपूर्व तत्त्वज्ञांचे अवशेष’ हा संग्रह निघाला. त्यांत तत्त्वज्ञाविषयीं इतरांनीं सांगितलेलें एका विभागांत, व त्याचे स्वतःचे म्हणून उतरलेले शब्द दुसऱ्या विभागांत दिले आहेत. हेराक्लायटसच्या वचनांचा मूळ क्रम त्यांनीं कल्पनेनें बनविला नाहीं. तीं उतरून ठेवणाऱ्या लेखकांच्या नांवांच्या अक्षरानुक्रमानें बहुतेक वचनें लाविलीं.

डील्स १९२२ सालीं वारले. पुढें वाल्टर क्रान्ट्स यांनीं हा संग्रह वाढवून १९३४ ते १९३७ या काळांत तीन खंडांत काढिला. २०१६ सालीं लाक्स व मोस्ट या विद्वानांचा नऊ खंडांचा नवा संग्रह निघाला. तरी डील्स यांनीं दिलेले क्रमांक अद्यापि प्रचारांत आहेत. त्यांचे तीनहि पुत्र विद्वान् निघाले. एक वनस्पतिशास्त्रांत, एक स्लाव्ह भाषांत, आणि तिसरे ओटो डील्स यांस १९५० सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें.

‘हें त्यानें म्हटलें’ आणि ‘हें त्याच्याविषयीं कोणी म्हटलें’, हा भेद पाळणें केवळ पंडितांचें काम नव्हे. वर्गांत निबंध लिहितांना, आणि घरीं शेजाऱ्याची गोष्ट सांगतांनाहि, तो पाळावा लागतो. दुसऱ्याच्या तोंडीं आपले शब्द घालणें हा असत्याचाच एक प्रकार होय. मुलांनो, वहींत परक्याचें वाक्य उतरतांना त्यास अवतरणचिन्हें घाला व त्याचें नांव लिहा. आणि पालकांनीं ती वही अधूनमधून पाहावी, अशी आमची विनंति आहे.