मोगऱ्याची कुंडी बदलताना

नर्सरीतून कळ्यांनी लगडलेला मोगरा आणायचा, त्याच संध्याकाळी ऐसपैस कुंडीत हलवायचा आणि आठवड्याभरात कळ्या गळल्या की ‘आमच्याकडे मोगरा लागतच नाही’ म्हणायचं, हा बाल्कन्यांमधला नेहमीचा प्रकार. मोगरा तसा चिवट आहे. पण कुंडी बदलणं म्हणजे त्याच्यावरची शस्त्रक्रियाच, आणि ती मुळं व ऋतू बघून करायची असते. आपल्याला रविवारी वेळ आहे म्हणून नव्हे.

काय करावं

• आधी मुळांकडे बघावं. कुंडीच्या तळाच्या भोकातून मुळं बाहेर डोकावत असतील, तर अर्धं उत्तर मिळालं. उरलेलं अर्धं पाणी घालताना मिळतं. वरून ओतलेलं पाणी मातीत न मुरता कडेकडेनं तळाशी निघून जातं, किंवा सकाळी भरपूर पाणी पिऊनही झाड दुपारी माना टाकतं, तेव्हा आत मातीपेक्षा मुळंच जास्त झालेली असतात. तरी शंका असेल तर झाड मातीच्या गड्ड्यासकट अलगद बाहेर काढावं. कडेला मुळांची जाळी गोल गोल फिरलेली दिसली तर कुंडी बदलावी. माती अजून मोकळी दिसली तर गड्डा तसाच परत बसवावा, एवढ्यानं झाडाचं काही बिघडत नाही. कुंडीतल्या मोगऱ्यावर ही वेळ साधारण दोन वर्षांनी येते.

• संक्रांत उलटून थंडी ओसरू लागली की काम काढावं. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीवर येतात, म्हणून माती बदलणं आणि छाटणी एकाच वेळी उरकलेली बरी. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, म्हणजे उन्हाळ्याच्या बहाराआधी झाड सावरतं. मुंबई-कोकणात थोडी घाई चालते. नाशिक-नागपूरकडे रात्रीचा गारठा जाईपर्यंत थांबावं. हा मोका हुकला तर पुढचा श्रावणातला. मुख्य बहार सरलेला असतो, आणि ढगाळ दमट हवेत मुळं लवकर धरतात.

• नवी कुंडी जुनीपेक्षा फार तर २ इंच रुंद घ्यावी. ८ इंचीतून १०, १० मधून १२. बाल्कनीसाठी १२ इंच पुष्कळ झाली, कारण पाणी प्यालेली तेवढी कुंडी २०-२५ किलोंच्या घरात जाते आणि मग ती हलवायला शेजाऱ्यांना बोलवावं लागतं.

• त्यापुढे कुंडी वाढवायची नसेल तर मुळं छाटावीत. गड्ड्याचा कडेचा आणि तळाचा थर मिळून साधारण पाव भाग धारदार सुरीनं कापून काढावा आणि झाड त्याच कुंडीत ताज्या मातीत लावावं. वरच्या फांद्याही त्याच प्रमाणात कमी कराव्यात. पाव भाग मुळं गेलेल्या झाडानं पूर्ण पानोरा पोसावा ही अपेक्षाच चुकीची. भुसभुशीत, काळपट, कुजका वास येणारं मूळ दिसलं तर ते पूर्ण काढावं. जुनी मुळं तपकिरी पण टणक असतात, त्यांना घाबरू नये.

• माती मोकळी असावी. दोन भाग बागेतली माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा धुतलेलं कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. देशावरची काळी माती नुसती वापरली तर ओली असताना चिकट आणि सुकली की भेगाळलेली, दोन्ही वेळा मुळांचे हाल. तिच्यात वाळू-खत सढळ हातानं घालावं.

• नर्सरीच्या रोपाचा गोळा तपासावा. पुष्कळदा काळ्या पिशवीत लाल चिकट माती ठासून भरलेली असते. ती सुकली की विटेसारखी होते आणि कुंडीतल्या चांगल्या मातीत घातलेलं पाणी या गोळ्यात शिरतच नाही. वर ओलं, आत कोरडं ठाक. रोप आठ-दहा दिवस घरच्या हवेत रुळू द्यावं. कळ्या असतील तर बहार होईपर्यंत कळ काढावी. मग गोळा बादलीभर पाण्यात थोडा वेळ बुडवून बोटांनी कडेची माती सैल करावी आणि लावावं.

• लावल्यावर तळातून वाहेपर्यंत एकदाच पाणी द्यावं आणि कुंडी आठ-दहा दिवस उजेडात पण उन्हाबाहेर ठेवावी. पुढचं पाणी वरची इंचभर माती सुकल्यावर.

काय टाळावं

• फुलं येत नाहीत एवढ्याच कारणासाठी कुंडी बदलू नये. बऱ्याच बाल्कन्यांत खरा तुटवडा उन्हाचा असतो. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. ते नसेल तर सोन्याच्या कुंडीतही नुसती पानंच वाढतील.

• पिवळ्या पानांचाही तोच हिशेब. थंडीत थोडी पानं पिवळी होऊन गळणं साहजिक आहे. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असं कोवळ्या पानांवर दिसलं, तर बहुधा लोह मिळत नाही. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्यानं असं होतं. माती बदलून पुन्हा तेच पाणी घातलं तर काही महिन्यांत जैसे थे.

• एप्रिल-मे महिन्यांत आणि कळ्यांवर असताना झाडाला हात लावू नये. कुंडी फुटली तर गोष्ट वेगळी. तेव्हा गड्डा न मोडता दुसऱ्या कुंडीत सरकवून द्यावा.

• ‘एकदाच मोठी आणू, कटकट मिटली’ हा विचार सोडावा. मुळं पोचत नाहीत तिथली माती सतत ओली राहते आणि मुळं कुजतात.

• तळाशी खडी-विटांचा जाड थर घालू नये. निचरा सुधारतो अशी समजूत घरोघरी आहे, पण पाणी थरावरच्या मातीत अडून राहतं आणि मुळांची जागा मात्र कमी होते. भोकावर एक खापरी पुरे.

• खोड आधी होतं त्यापेक्षा खोल गाडू नये. माती हाताच्या मुठीनं ठोकून बसवू नये, कुंडी दोनदा जमिनीवर आपटली की बसते.

• पहिले तीन-चार आठवडे रासायनिक खत नको. ताजं शेण तर कधीच नको. पानं दोन दिवस मलूल दिसली म्हणून पाण्यावर पाणी ओतू नये. ताटलीत साचलेलं पाणीही टाकून द्यावं.

• हेच नियम सगळ्या सुवासिक झाडांना सरसकट लावू नयेत. रातराणी मुळांची काटछाट सहज सोसते. अनंत मात्र फारच मानी: त्याची मुळं विस्कटू नयेत, गड्डा अख्खा उचलावा आणि माती किंचित आम्ल ठेवावी.

• छाटलेल्या काड्या कचऱ्यात टाकू नयेत. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, पाच-सहा इंचांच्या, तीन-चार डोळे असलेल्या काड्यांची खालची पानं काढून ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये सावलीत खोचाव्यात. महिना-दीड महिन्यात त्या रुजतात. त्याआधी पालवी फुटेल, पण ती काडीतल्या साठ्यावरही फुटते. म्हणून मूळ आलं का हे बघायला उपटू नये.