दाजींची राहिलेली पदकं

जुळे सोलापूर

चि. बाळ,

तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला अर्ज शांतपणे वाचला. चार पानं, वर संरक्षणमंत्र्यांचं नाव, आणि मागणी अशी की वडिलांना, म्हणजे आमच्या दाजींना, सेना मेडल मिळावं व त्यांच्यावर झालेला अन्याय दूर व्हावा. दाजींविषयीची तुझी माया त्यात ओळीओळीला दिसते. तरीही हा अर्ज पाठवू नकोस. मी फौजेत क्लार्की केली, उमेदीची सगळी वर्षं असल्याच कागदांत गेली, म्हणून हक्कानं सांगतो. हा अर्ज आहे तसा गेला, तर जे दाजींना नक्की मिळू शकतं तेही अडकून पडेल.

पदकांच्या दोन जाती आहेत. पहिली शौर्याची. वीर चक्र, सेना मेडल यांच्यासाठी सीओ साहेबांना त्याच वेळी शिफारस लिहावी लागते, प्रसंग डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार लागतात, मग तो कागद ब्रिगेड, डिव्हिजन असा वर वर जातो आणि शेवटी भारताच्या राजपत्रात नाव छापून येतं. दुसरी जात मोहिमेच्या आणि सेवेच्या पदकांची. तिथे कुणी कुणाला निवडत नाही. ठरलेल्या तारखांना, ठरलेल्या मुलखात, पलटणीच्या नफरीवर, म्हणजे हजेरीपटावर, जो होता त्याला ते मिळायचंच, मग तो सुभेदार असो की लंगरातला स्वयंपाकी.

दाजींनी जखमी सोबत्याला पाठीवर घालून नाला ओलांडला, यात मला तिळमात्र शंका नाही. पण त्याची शिफारस तेव्हा लिहिली गेली नाही, आणि इतक्या वर्षांनी मुलानं लिहिलेल्या अर्जावरून शौर्यपदक मिळत नसतं. तो प्रसंग अर्जातून पूर्ण काढ. घरासाठी वेगळा, सविस्तर लिहून ठेव, त्याची किंमत कमी नाही. अर्जात मात्र तो आला की वाचणारा बाबू कागद शौर्यपदकाच्या मागणीत टाकतो, ठरावीक नकार पाठवतो, आणि खाली तू मागितलेल्या साध्या दुरुस्तीकडे कुणी पाहत नाही.

आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण तू दिलं आहेस. ते ईएमईचे जवान. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून शरीर अधू झालं, आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये, अर्जुन पुरस्कार जानेवारी 2025 मध्ये. एवढा उशीर झाला याची चीड मलाही येते. पण अर्जुन पुरस्कार हा निवड समितीच्या निर्णयाचा विषय होता, तिथे मनं वळवावी लागली. तुला कुणाचं मन वळवायचं नाही. दाजींच्या बाबतीत निर्णय सरकारनं 1971 च्या युद्धानंतर घेऊन ठेवला आहे, फक्त त्यांच्या कागदावर त्याची नोंद चढलेली नाही. म्हणून ‘अन्याय’, ‘उपेक्षा’, ‘वीर पित्याला न्याय’ असले शब्द काढून टाक. नोंद राहिली आहे, ती करावी, एवढंच लिही.

आता राहिलंय काय ते पाहू. डिस्चार्ज बुकाचे तू काढलेले फोटो मी मोठे करून पाहिले. पदकांच्या रकान्यात संग्राम मेडल आहे, सैन्य सेवा मेडल आहे, नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं आहे. पूर्वी स्टार नाही. 1972 च्या स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं पदकही नाही. संग्राम मेडलला पाकिस्तानच्या सरहद्दीलगतची राज्यं धरली होती आणि मुदत होती 3 डिसेंबर 1971 ते 20 डिसेंबर 1972, म्हणजे वर्षाहून मोठी. पूर्वी स्टार मात्र पूर्वेकडच्या प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रासाठी, 3 ते 16 डिसेंबर 1971 या चौदा दिवसांसाठी. रौप्यमहोत्सवी पदकाला तर एकच अट: 15 ऑगस्ट 1972 रोजी सेवेत असणं. दाजी 1969 ला भरती झाले आणि 1984 ला पेन्शन घेऊन आले. त्या दिवशी ते सेवेतच होते, याला त्यांच्या बुकाचं पहिलं पान पुरे. हे पदक सोपं आहे. खरं काम आहे पूर्वी स्टारचं.

तो राहिला कसा, याचा माझा अंदाज सांगतो. युद्ध संपल्यावर दाजींना कावीळ झाली. फील्ड अ‍ॅम्ब्युलन्समधून मागच्या मोठ्या इस्पितळात, तिथून सिक लीव्हवर घरी आणि मग सेंटरला. पलटणीत परत गेलेच नाहीत. पदकांच्या याद्या पलटणीनं बनवल्या तेव्हा ते तिच्या नफरीवरून उतरले होते, आणि सेंटरमध्ये जिथे नफरीवर चढले तिथल्या लोकांना वाटलं असणार की जुन्या पलटणीनं नाव धाडलं असेल. असे दोन नफऱ्यांच्या मधे सापडलेले पुष्कळ जवान मी कागदावर पाहिले आहेत. कुणी वाईट हेतूनं नाव गाळत नाही. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानांच्या नोंदींचा हुकूम, निघाली नाही की शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या सेवेच्या मूळ कागदावर, नोंद चढत नाही, आणि शीट रोलवर नाही ते डिस्चार्ज बुकात येत नाही.

आता नीट लक्ष दे. ज्या काविळीमुळे त्यांचं नाव गळलं तीच आता उपयोगी पडणार आहे. ताईच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली एक पिवळट लिफाफा आहे, तो मी पूर्वी पाहिलाय. त्यात इस्पितळाची डिस्चार्ज स्लिप आहे. दाखल झाल्याची तारीख डिसेंबरच्या अखेरची, आणि ‘कुठून आला’ या रकान्यात फील्ड अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर. त्याच लिफाफ्यात दाजींनी त्यांच्या आईला पाठवलेलं फौजी अंतर्देशीय पत्र आहे. मजकुरात विशेष काही नाही, ‘मी खुशाल आहे, पाऊसपाणी कळवा’ एवढंच. पण मागे त्यांच्या हातानं लिहिलेला नंबर, हुद्दा, कंपनी आणि 99 ए.पी.ओ. आहे, आणि त्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का. 99 ए.पी.ओ. म्हणजे पूर्वेकडचं फौजी टपाल. शिक्क्यावरची तारीख भिंगाखाली वाच, आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबरही टिपून घे, कारण तो नंबर कुठल्या ब्रिगेडबरोबर होता हे जुळवता येतं. तारीख युद्धाच्या दिवसांतली निघाली, तर पत्र त्या दिवसांतलं, आणि महिनाअखेरीला त्याच भागातल्या फील्ड अ‍ॅम्ब्युलन्समधून इस्पितळात रवानगी. मधे माणूस दुसरीकडे कुठे होता असं म्हणायला जागा उरत नाही. दोन्ही कागदांना लॅमिनेशन करू नकोस, चिकटपट्टी लावू नकोस. रंगीत स्कॅन काढ आणि मूळ कागद ताईकडेच राहू दे.

युद्धाच्या पुस्तकांतली पानं जोडायचं तुझ्या मनात आहे. 1 मराठानं कर्नल ब्रार यांच्या हाताखाली जमालपूर कसं घेतलं, दुसऱ्या पॅरानं 16 डिसेंबरला ढाक्यात पाऊल कसं टाकलं, हे वाचावं, अभिमान बाळगावा. त्यानं पलटण कुठे होती ते कळतं. तुझा माणूस त्या दिवशी पलटणीत होता, का रजेवर, का कोर्सला, हे त्यातून कळत नाही. पलटणीची वॉर डायरी मिळाली तर तिचा आधार जरूर घ्यावा. संरक्षण मंत्रालयानं जून 2021 मध्ये युद्धांचं जुनं दप्तर साधारण 25 वर्षांनी खुलं करून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे देण्याचं धोरण ठरवलं आहे. पण तेही दुसऱ्या फळीचं काम.

अर्ज जायचा तो रेकॉर्ड ऑफिसला, मंत्र्यांना नाही. इथे संध्याकाळी आम्ही माजी सैनिक बसतो त्यांच्यातही यावरून घोळ असतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिकरोड कॅम्पला, बॉम्बे इंजिनिअर्सचं खडकीला, ईएमईचं सिकंदराबादला. दाजींच्या बुकावर आणि पेन्शनच्या आदेशावर (पीपीओ) त्यांच्या रेकॉर्डचं नाव आहे, तेच घाल. अर्जदार दाजी, सही दाजींची. मुलाच्या सहीनं आलेला अर्ज, वडील हयात असताना, सरळ परत येतो. वर आर्मी नंबर, हुद्दा, नाव, भरती आणि डिस्चार्जची तारीख, त्या वेळची पलटण व कंपनी. खाली आठ-दहा ओळी. सोबत स्वसाक्षांकित प्रती. सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून शिफारसपत्र जोडून घे आणि स्पीड पोस्टनं पाठव, पावती जपून ठेव.

नावाचं स्पेलिंग बुकात जसं आहे तसंच लिही, आधारवर वेगळं असलं तरी. मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. दाजींच्या संग्राम मेडलची कड उन्हात तिरकी धरून वाच, तिथलं स्पेलिंग बुकाशी जुळतं का ते बघ. जुळत नसेल तर आधी मला कळव. ‘स्पर्श’ या ऑनलाइन व्यवस्थेवर पेन्शन गेल्यापासून एकेका अक्षरासाठी माणसांनी किती हेलपाटे घातलेत ते मी पाहतोय.

उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून शीट रोलची, डिसेंबर 1971 ते ऑगस्ट 1972 मधल्या पार्ट टू ऑर्डरींची आणि पूर्वी स्टारच्या यादीची प्रत मागायची. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘मुदतीनंतर कागद नष्ट केले’ असं आलं तर खचू नकोस, लाँग रोलचा, म्हणजे भरती झालेल्यांच्या कायम नोंदवहीचा, उतारा माग, तो राखून ठेवलेला असतो. अमेरिकेत सेंट लुईसला 12 जुलै 1973 ला सैनिकांच्या दप्तरखान्याला आग लागली आणि दीड कोटीहून जास्त जवानांच्या फायली जळाल्या. त्यानंतर तिथे पगाराची बिलं, इस्पितळांच्या नोंदी असल्या कागदांवरून माणसांची सेवा पुन्हा उभी केली, आजही करतात. मूळ फाइल गेली म्हणजे सगळं गेलं असं होत नाही.

सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं नाव तुझ्या वकील मित्रानं काढलंय. मुंबईला त्याचं खंडपीठ आहे, दार उघडं आहे, पण रेकॉर्डचा लेखी नकार हातात आल्याशिवाय तिथे जायचं नाही. आणि ‘मेडल काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला दमडी देऊ नकोस. बाजारात पूर्वी स्टार विकत मिळतो. दाजींच्या वाढदिवसाला तो आणायचा विचार तुझ्या बायकोनं ताईला बोलून दाखवला. तिला प्रेमानं सांग, नोंद होईपर्यंत तो छातीवर लावायचा नाही. दाजी लावणारही नाहीत.

आता सर्वांत अवघड काम. दाजी म्हणतील, ‘राहू दे रे, त्याचे काय पैसे मिळणार आहेत?’ पैसे मिळणार नाहीत, खरं आहे. तरी त्यांना विचार, आणि मनापासून नको म्हणाले तर थांब, तो त्यांचा अधिकार आहे. मला मात्र वाटतं ते नको म्हणणार नाहीत. 26 जानेवारीला कोट घालताना ते मेडलचा बार दोनदा सरळ करतात आणि सोबतच्या सुभेदारांच्या छातीकडे पाहतात, हे मी बघितलंय. चौदा दिवस ते तिथे होते, आणि त्यांच्या कागदात ते दिवस नाहीत.

त्यांच्याशी बोलताना उत्तर तोंडात घालू नकोस. ‘तुम्ही ढाक्याला होता ना?’ असं विचारलंस तर ‘हो’ म्हणतील, वयच तसं आहे. सेक्शनमध्ये कोण कोण होते, जेवण कुठून यायचं, नदी कशी ओलांडली, कावीळ झाल्याचं आधी कोणाच्या लक्षात आलं, असं विचार. सोबत्यांची नावं निघाली की लिहून घे. त्यातला एकजण जरी हयात असला आणि त्याच्या बुकात पूर्वी स्टार असला, तर त्याचं शपथपत्र आणि त्या पानाची प्रत फार कामाला येते. सकाळी विचार, दुपारनंतर ते थकतात.

दाजींना अठ्ठ्याहत्तरावं लागलंय, तेव्हा हे दिवाळीवर ढकलू नकोस. येत्या रविवारी ताईकडे ये, मीही येतो. येताना स्टॅम्प पॅड आण, त्यांचा हात थरथरतो, सही बुकातल्यासारखी नाही आली तर शेजारी अंगठाही घेऊ. आठ-दहा ओळींचा मसुदा मी लिहून ठेवतो. टायपिंग तू कर.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
मामा